पॅरिसमधील पँटबंदी आणि २०१३ साल : एक खुलासा

‘पॅरिसमध्ये २०१३ पर्यंत स्त्रियांना पँट घालणे बेकायदा होते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने असा आदेश काढला होता की, ज्या स्त्रीला पुरुषी पोशाख करायचा असेल तिने परवाना घ्यावा, आणि तो प्रकृतीच्या कारणास्तव, वैद्यकीय दाखल्यावरच मिळेल. हा आदेश नुसता कागदावर नव्हता. जनावरांची चित्रे काढणाऱ्या रोझा बोनर यांना १८५७ मध्ये मिळालेला परवाना अवघ्या सहा महिन्यांचा होता. गुरांच्या बाजारात घागरा सावरत रेखाटने कशी करायची, हा त्यांचा खरा प्रश्न, पण कागदावर कारण मात्र प्रकृतीचेच! पुढे १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी, हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचे हँडल असेल तर सूट दिली.

२०१३ मध्ये मात्र कोणतीही चालू बंदी उठवली गेली नाही. एका सिनेटरच्या प्रश्नाला दिलेल्या लेखी उत्तरात महिला हक्क मंत्री नजात वालो-बेल्कासेम यांनी एवढेच स्पष्ट केले की, स्त्री-पुरुष समानतेच्या घटनात्मक तत्त्वाशी विसंगत असल्याने हा आदेश आपोआपच रद्द झालेला असून, तो आता केवळ दप्तरातील जुना कागद आहे. समानतेचे ते तत्त्व १९४६ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतच आले होते. त्यामुळे २०१३ हे बंदी संपल्याचे नव्हे, ती केव्हाच संपली होती हे सरकारने लिहून दिल्याचे वर्ष आहे.