डीएनए जुळलं नाही म्हणून नातं खोटं ठरत नाही

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो: "घरातल्या एकाने डीएनए चाचणी केली की वंशावळ सिद्ध. ज्याच्याशी जुळलं तो आपला, न जुळलं तर नातं खोटं. आडनाव, गोत्रही कळतं. हाच निकाल कोर्टात दाखवा." यातलं एकही विधान टिकत नाही, आणि त्यापायी चांगल्या घरांत नाहक संशय शिरतो.

"न जुळलं तर नातं खोटं." आईवडिलांकडून निम्मा-निम्मा डीएनए येतो, पण कोणता निम्मा, हे प्रत्येक मुलात वेगळं असतं. दोघांतला समान भाग सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. आईवडील आणि अपत्य यांच्यात तो 3,400 च्या आसपास भरतो. सख्ख्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांत सरासरी 870, पण 400 ते 1,400 पर्यंत काहीही येऊ शकतं. पणजोबा एक असले तर सरासरी 230. खापरपणजोबा एक असले तर 70 च्या वर, मात्र अशा दहातल्या साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही. आणखी एक पिढी वर गेलात तर जवळपास निम्म्या जोड्या कोऱ्या निघतात. म्हणून पणजोबा एक असताना शून्य आलं तर कडी जरूर तपासा. त्यापलीकडच्या शून्यावरून काहीच ठरत नाही.

"जुळलं म्हणजे नातं कळलं." 1,750 हा आकडा आजोबांचा असू शकतो, सख्ख्या काकांचा किंवा बाप एक आणि आई वेगळी अशा भावाचाही. कोण ते वय आणि कागद सांगतात.

आपल्याकडची खरी गुंतागुंत पुढे आहे. जातीतल्या जातीत शेकडो वर्षं झालेली लग्नं, शिवाय अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न. एकच पूर्वज दोन-तीन वाटांनी येतो, जुळणाऱ्या डीएनएचे बारीक तुकडे साचत जातात आणि लांबचा माणूस जवळचा भासतो. त्यामुळे सगळ्या तुकड्यांच्या बेरजेआधी सर्वांत लांब तुकडा बघा. बेरीज 90 आणि लांब तुकडा जेमतेम 12 असेल, तर तो बहुधा जुन्या नात्यांचा साठा आहे. 7 पेक्षा लहान तुकडे सोडूनच द्या, त्यांतले पुष्कळसे योगायोगाचे असतात.

"एकाची चाचणी पुरे." एकट्याचा निकाल कशाशी ताडणार? आधी हयात असलेल्या सर्वांत वडीलधाऱ्यांचा नमुना घ्या, कारण त्यांच्यात पूर्वजांचा वाटा जास्त उरलेला असतो. मग शंका असलेल्या दोन्ही शाखांतून एकेक माणूस, आणि त्याच पूर्वजाचा ज्याच्याबद्दल वाद नाही असा तिसरा वंशज. तिघांचाही तोच तुकडा एकमेकांशी जुळला तर पुरावा वजनदार होतो.

नमुना देण्याआधी अर्धा तास चहा, पान, तंबाखू, मिश्री काही नको. नळीत रेषेपर्यंत थुंकी हवी, फेस धरायचा नाही. अनेक नमुने इथेच बाद होतात. म्हाताऱ्या माणसांचं तोंड कोरडं असतं, त्यांच्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवायचा संच मागवा. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवलेल्या माणसाच्या थुंकीत दात्याचा डीएनए उतरतो, त्यांचा नमुना घेऊ नका.

"आडनाव, गोत्र सिद्ध होतं." बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र फक्त पुरुषांची सरळ रेघ दाखवतं. त्यावरच्या 12 खुणा जुळल्याने काही ठरत नाही. निदान 37, शक्यतो 111 तपासा. आणि न जुळण्याचा अर्थ लगेच व्यभिचार असा काढू नका. आपल्याकडे दत्तक विधान सर्रास होत असे, आणि दत्तक मुलगा घराण्याचं नाव व गोत्र लावतो, गुणसूत्र मात्र जन्मदात्या बापाचं. गोत्राचं जनुक नसतंच.

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टरला सापडला. त्याच्या बहिणीच्या मुलींमागून मुलींच्या वाटेने आलेल्या वंशजांशी मातृवंशाचा, म्हणजे फक्त आईकडून येणारा, डीएनए जुळला, पण पुरुषांच्या वाटेने कागदावर नातलग ठरलेल्यांचं वाय जुळलं नाही. कित्येक पिढ्यांत कुठेतरी कडी तुटली, ती नेमकी कुठे हे चाचणी सांगू शकली नाही. तरीही सांगाड्याची ओळख पक्की झाली, कारण मातृवंशाच्या डीएनएला काळ, वय, जखमा आणि पाठीचा वाकलेला कणा यांची जोड होती.

"हाच निकाल कोर्टात दाखवा." घरी भरलेली नळी कोणाच्या थुंकीची, याला साक्षीदार नसतो, न्यायालय आपल्या आदेशाने वेगळा नमुना घेतं. जात पडताळणीत मुख्यतः कागद बघतात: गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर, शाळेचा दाखला, मोडीतल्या जमिनीच्या नोंदी. नळी मागवण्याआधी या नोंदी आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या चाळा, म्हणजे कोणत्या दोघांचा नमुना घ्यायचा ते आधीच ठरलेलं असेल.