शुगरचं अ‍ॅप निवडताय? तारे मोजा, बाकी सोडा

घरात कोणाला शुगर निघाली की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी उंबरा ओलांडतात: ग्लुकोमीटर, कारल्याच्या रसाची हमी देणारे शेजारचे काका आणि अ‍ॅप. काकांना आवरणं कोणाच्याच हातात नाही. अ‍ॅप निवडायचं काम मात्र घरातल्या 'फोनमधलं कळणाऱ्या' माणसावर, म्हणजे तुमच्यावर येतं. घाबरू नका. आईसाठी हे सगळं नुकतंच उरकून बसलोय आणि मनस्तापातून मिळालेलं ज्ञान फुकट वाटायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे.

सर्वप्रथम तारे बघा. ४.७च्या खालचं अ‍ॅप घेणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ. हे तारे देतं कोण, असले कुजकट प्रश्न विचारू नका. नाव, वय, मोबाइल नंबर टाकून झाला की बोटाला एकदाही सुई लागायच्या आत अ‍ॅप लाडात येऊन विचारतं, 'आवडलं का आमचं अ‍ॅप?' पाच तारे दाबले की थेट प्ले स्टोअरवर रवानगी. दोन दाबले की 'काय चुकलं ते आम्हालाच सांगा ना' असा खासगी फॉर्म. कौतुक चव्हाट्यावर, तक्रार माजघरात.

अमेरिकेत 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं एक अ‍ॅप होतं. फोन छातीला टेकवायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, बीपी हजर. दंडाला पट्टा नको, काही नको. लोकांनी पैसे मोजून घेतलं. २०१६ मध्ये तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ते तपासलं, तर ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा दर चार जणांतल्या तिघांहून जास्त लोकांना ते 'सगळं ठीक आहे' म्हणून घरी पाठवत होतं. त्याच वर्षाअखेर तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला धरलं. आयोगाच्या तक्रारीत असंही होतं की स्टोअरवरचा एक कौतुकाचा अभिप्राय खुद्द कंपनीच्या प्रमुखानेच टाकला होता. तारे किती दिले असतील? पाच! उगाच नाही मी तारे बघा म्हणत.

दुसरं, रंग बघा. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या काही संशोधकांनी आरोग्याची अ‍ॅप्स तपासायला 'मार्स' नावाची २३ प्रश्नांची मोजपट्टी केली. अ‍ॅप माणसाला धरून ठेवतं का, नीट चालतं का, दिसायला कसं आहे आणि त्यातली माहिती कुठून आली, असे तिचे मुख्य भाग. एवढा वेळ कोणाला आहे? 'दिसायला कसं आहे' तेवढं बघा. फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात पान आणि हसरी आजी असेल तर माहितीही बरोबरच असणार.

अटी आणि शर्ती वाचू नका. लिहिणाऱ्यानेही वाचलेल्या नसतात.

सुई न टोचता मनगटावर शुगर सांगणारं घड्याळ दिसलं तर ताबडतोब घ्या. अशा घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिला, पण त्यांना आपले दिवाळी सेल कुठे माहीत आहेत!

भाचा लंडनहून आला असेल आणि त्यानेच अ‍ॅप सेट करून दिलं असेल तर फारच उत्तम. तिकडे शुगर वेगळ्या एककात मोजतात. तिथला १० म्हणजे आपला १८०. स्क्रीनवर १० बघून घरात रडारड होईल, तोंडात साखर कोंबली जाईल आणि मूळ १८० बिचारा चढत राहील.

चुकूनही खोटा आकडा टाकून अ‍ॅपची परीक्षा घेऊ नका. शुगर ७०च्या खाली गेली की काहीतरी गोड तोंडात टाकायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, हे कुठलीही नर्स सांगेल. मी कुतूहल म्हणून ४२ टाकले. अ‍ॅपने हिरवी टिकचिन्हं उधळली: 'शाब्बास! तुम्ही लक्ष्याच्या आत आहात.' मग ४२०० टाकले. तेही घेतले! याला म्हणतात आतिथ्य. लंडनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये इन्सुलिनचा डोस काढून देणारी ४६ अ‍ॅप्स तपासली, त्यातल्या ४२ अ‍ॅप्सना असला अशक्य आकडा टाकला तरी अडवायचं सुचत नव्हतं आणि ३१ अ‍ॅप्स चुकीचा डोस सांगण्याचा धोका बाळगून होती. शुगर लिहायचं अ‍ॅप नव्हे बरं का, इन्सुलिनचा डोस सांगणारं!

जेवणाची नोंद प्रामाणिकपणे करा. अ‍ॅपमध्ये किन्वा आहे, अ‍ॅव्होकाडो टोस्ट आहे. थालीपीठ शोधलं की 'काही सापडलं नाही'. बाजरीची भाकरी आहे, पण 'एक, मध्यम'. मध्यम म्हणजे सोलापूरच्या आत्याची की पुण्याच्या काकूंची? दोघींच्या भाकरीच्या फरकात एक अख्खं जेवण बसेल. एकादशीला आईने साबुदाण्याची खिचडी नोंदवली, ती अ‍ॅपने डाळ-तांदळाची धरली आणि प्रथिनांबद्दल पाठ थोपटली. साबुदाण्यात प्रथिनं! आषाढीला तिने दिवसभर काही खाल्लं नाही, तर 'उपवास वीर' असं पदक. ती ग्लिमेपिराइड घेते हे त्याच अ‍ॅपच्या गोळ्यांच्या रकान्यात लिहिलेलं आहे. ही गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. पण गोळ्यांचा रकाना आणि पदकांचा रकाना यांची बहुधा बोलचाल नसावी.

खासगीपणाची चिंता सोडा. २०१९ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पाहणीत औषधांसंबंधीच्या २४ अ‍ॅप्सपैकी १९ अ‍ॅप्स वापरणाऱ्याची माहिती बाहेर पाठवत होती. तुमची शुगर जगात एवढ्या लोकांना कळावी असं वाटतं, हे प्रेमच नाही का?

आता नोंदी. नोंदी मनापासून करा. आई तेच करत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची लिहून आणा, मग गोळी बदलायची का ते ठरवू. आई सांगितलेलं करणारी बाई. डाव्या हाताच्या बोटांना आलटून पालटून सुई, पट्टीवर थेंब, नाकावर चष्मा ओढून एकेक आकडा टाइप. आधी ती कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची. अ‍ॅप आल्यावर ते बंद झालं, कारण अ‍ॅपवर आलेख निघतो आणि डॉक्टरांना आलेख आवडतो. ओपीडीत अर्धा दिवस बसून नंबर लागला. डॉक्टर म्हणाले, दाखवा. अ‍ॅपने शेवटचे सात दिवस दाखवले आणि त्यामागचं सगळं धूसर करून वर कुलपाचं चित्र लावलं. 'पूर्ण इतिहास पाहण्यासाठी प्रीमियम घ्या.' खाली सोनेरी बटण. वर्षाचं घेतलं तर सवलत आणि ती संपायला किती मिनिटं उरली त्याचं धावतं घड्याळ. पीडीएफ हवी? तीही प्रीमियम. बाहेर पुढचा पेशंट दार लोटतोय, मी कार्डाचा नंबर टाकतोय, ओटीपी यायला त्या इमारतीत रेंज नाही. डॉक्टरांनी शेवटी आईलाच विचारलं, 'साधारण किती असायची?'

आई म्हणाली, 'बरी असायची.'

केसपेपरवर तेवढंच गेलं. एवढ्या दिवसांच्या सुया, एवढ्या पट्ट्या आणि डॉक्टरांच्या हातात काय, तर 'बरी असायची'. गोळी आहे तीच चालू. आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा फोन वाजला: 'आज तुम्ही अजून शुगर नोंदवली नाही! मालिका तुटू देऊ नका.'

रक्त तिचं. पट्टी तिच्या पैशाची. आकडा तिने चष्मा लावून टाइप केलेला. आणि तोच आकडा तिला परत बघायचा तर पैसे? लॉकरचं भाडं घ्या, पण आतला दागिना मालकिणीलाच विकणारी बँक कुठे बघितली आहे का कोणी? नोंद करायला मात्र पैसे लागत नाहीत हं. नोंद अगदी फुकट. दिवसाला दहा वेळा करा. अडकवायचं तर आधी आत घ्यावं लागतं ना! ग्राहक सेवेला लिहिलं, तर उत्तर आलं की तुमच्या आरोग्यप्रवासात आम्ही तुमच्यासोबत आहोत. कुठे सोबत होतात? ओपीडीत होतात का?

सल्ले पुरे झाले.

हे अ‍ॅप काढणाऱ्यांनो, शुगर हा खेळ नाही. जन्मभराचं दुखणं आहे ते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीप्रमाणे या देशात मधुमेह असलेले दहा कोटींहून जास्त लोक आहेत. तुम्हाला ते गिऱ्हाईक दिसतात, ठीक आहे, धंदा करा. पण चुकीच्या आकड्याला टाळ्या वाजवणं आणि खऱ्या आकड्याला कुलूप लावणं हा धंदा नाही, ही लबाडी आहे. जर्मनीत २०२० पासून डॉक्टर अ‍ॅप लिहून देतात आणि विमा त्याचे पैसे भरतो. पण त्याआधी सरकारी संस्था ते अ‍ॅप तपासून यादीत घेते. फायदा अजून सिद्ध व्हायचा असेल तर साधारण वर्षभराची मुदत मिळते, नाही दाखवता आला तर यादीतून बाहेर. आपल्याकडे यादी नाही, मुदत नाही, फक्त तारे.

आणि 'बेस्ट १० डायबिटीस अ‍ॅप्स' छापणाऱ्यांनो, त्यातलं एक तरी अ‍ॅप महिनाभर वापरलंत का? ४२ टाकून बघितलंत का? जुने आकडे बाहेर काढून बघितलेत का? नाही ना? मग कशाच्या जोरावर पहिला नंबर आणि दुसरा नंबर लावता? स्क्रीनशॉटच्या?

बाकी काही जमत नसेल तर राहू द्या. थालीपीठ नका घालू. भाकरी मध्यमच ठेवा. पण माणसाने टाकलेला प्रत्येक आकडा तारखेसकट कागदावर काढून देणारं एक बटण पहिल्याच पानावर ठेवा, मोठ्या अक्षरात, फुकट. मग त्याच्या खाली तुमची पदकं, टाळ्या आणि धावती घड्याळं काय लावायची ती लावत बसा.