‘पिंगपाँग’ हा चिनी शब्द नाही

टेबल टेनिसची मोठी स्पर्धा आली आणि चीनच्या खेळाडूंनी पदकं लुटली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: पिंगपाँग हा अस्सल चिनी शब्द, खेळही मुळात चीनचाच, इंग्रजांनी तो उचलला आणि ‘टेबल टेनिस’ असं आपल्या सोयीचं नाव त्याला चिकटवलं. पुरावा काय, तर चीनमध्ये आजही याला ‘पिंगपांग’ म्हणतात आणि ते लिहायला त्यांच्या लिपीत दोन खास अक्षरं आहेत. या मजकुराला उत्तर म्हणून मग दुसरा येतो. तो सांगतो की खेळ ना चीनचा ना इंग्लंडचा, तो भारतातल्या इंग्रजी छावण्यांत जन्मला.

यातली एकच गोष्ट खरी आहे, ती अक्षरांची. आणि नीट पाहिलं तर तीच या दाव्याच्या विरुद्ध जाते. एकेक मुद्दा घेऊ.

आधी खेळ कुणाचा ते पाहू. लॉन टेनिस इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात फोफावलं. तिथला पाऊस आणि हिवाळा लक्षात घेतला तर हाच खेळ घरात, जेवणाच्या टेबलावर आणायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचणारच होती. डेव्हिड फॉस्टर या इंग्रज गृहस्थाने १८९० मध्ये टेबलावरच्या टेनिसचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या जॅक्स कंपनीने ‘गॉसिमा’ नावाचा संच बाजारात आणला. तो फारसा चालला नाही. अडचण चेंडूची होती. रबराचा चेंडू टेबलावरून भलतीकडेच उसळायचा, तर बुचाच्या चेंडूत काही जीवच नसायचा. १९०० च्या सुमारास सेल्युलॉइडचा हलका, पोकळ चेंडू आला आणि खेळाचं नशीब पालटलं. हा चेंडू जेम्स गिब नावाच्या खेळाडूने अमेरिकेतून आणला, असं सांगतात.

आता त्या काळची बॅट डोळ्यांपुढे आणा, कारण शब्द तिच्यातच आहे. आजच्यासारखी रबर लावलेली लाकडी फळी ती नव्हती. लांब दांडा, पुढे गोल लाकडी कडं आणि त्या कड्यावर दोन्ही बाजूंनी ताणून बसवलेलं पातळ चामडं. म्हणजे हातात धरायची एक छोटी डफलीच. पोकळ सेल्युलॉइडचा चेंडू त्या ताणलेल्या चामड्यावर आदळला की स्वच्छ, घुमणारा सूर निघायचा. कुणी म्हणतं ‘पिंग’ बॅटचा आणि ‘पाँग’ टेबलाचा. कुणी म्हणतं दोन्ही सूर दोन खेळाडूंच्या बॅटींचेच. यातलं काहीही धरलं तरी शब्द तिथल्या दिवाणखान्यात ऐकू आलेल्या आवाजाचाच आहे. १९०० मध्ये लंडनच्या हॅम्लेज या खेळणीवाल्यांनी ‘पिंगपाँग’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं आणि जॅक्ससोबत ते बाजारात आणलं. अमेरिकेतले हक्क पार्कर ब्रदर्सकडे गेले.

चिनी भाषेत हा शब्द खेळासाठी केव्हा आला, हे कळायला खेळाचा पूर्वेकडचा प्रवास पाहायला हवा. जपानमध्ये खेळ पोचला १९०२ च्या सुमारास, युरोपातून परतलेल्या जपानी शिक्षणतज्ज्ञाबरोबर. चीनमध्ये तो जपानमार्गे, शांघायमधून शिरला. शांघायच्या एका दुकानदाराने जपानहून संच आणले ते साल तिथे १९०४ सांगतात. म्हणजे लंडनमध्ये नाव नोंदलं गेल्यावर चार वर्षांनी. इतका साधा कालक्रम असताना ‘इंग्रजांनी चिनी नाव उचललं’ हे वाक्य टिकतंच कसं, याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं.

मग ती दोन खास अक्षरं? ती खरोखर आहेत आणि फार सुंदर आहेत. चिनी लिपीत ‘सैनिक’ या अर्थाचं एक अक्षर आहे, त्याचा उच्चार ‘बिंग’च्या जवळ जातो. त्याच्या तळाशी दोन छोटे फटकारे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन पायांसारखे. उजवा पाय काढला की होतं ‘पिंग’, डावा काढला की होतं ‘पांग’. एकेका पायावर उभी असलेली ही जोडी टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहिलेल्या खेळाडूंसारखी दिसते, म्हणून ती पाहणाऱ्याच्या लक्षात राहते आणि खेळासाठीच घडवली असावी असं वाटतं. तसं नाही. ही अक्षरं खेळाच्या आधीपासून चिनी गद्यात आवाज दाखवायला वापरात होती: दार आपटणं, भांडी आदळणं, गोळीबार. खेळ आला तेव्हा परदेशी नावाच्या आवाजाशी जुळणारी जोडी त्यांच्या लेखणीत तयारच होती. त्यांनी तिला ‘चेंडू’ या अर्थाचा शब्द जोडला आणि नाव झालं ‘पिंगपांगछ्यू’. अक्षरं जुनी, खेळाचं नाव नवं.

इथे दावा करणारा म्हणेल: बघा, शब्द चिनीत आधीपासून होता ना, मग इंग्रजांनी तिथूनच घेतला! हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबू. आवाजाची नक्कल करणारे शब्द दोन भाषांत सारखे निघणं ही रोजची गोष्ट आहे. आपला कावळा ‘काव’ करतो, इंग्रजांचा ‘कॉ’ करतो. आपल्या खडखड, किणकिण, गुणगुण या शब्दांच्या जोड्या जशा कानांनी घडवल्या, तशा इंग्रजीतही ‘टिक-टॉक’, ‘डिंग-डाँग’ अशा जोड्या आहेत. त्यांत आधी ‘इ’, मागून ‘ऑ’ किंवा ‘ॲ’ येतो. ‘पिंग-पाँग’ त्याच साच्यातून निघालेला आहे, त्याला कुणाकडून उसनं घ्यायची गरज नव्हती.

शिवाय नुसता ‘पिंग’ इंग्रजीत खेळाच्या कितीतरी आधीचा आहे. १८३० च्या दशकापासून तो छापील इंग्रजीत सापडतो. तेव्हा तो बंदुकीच्या गोळीचा आवाज होता, हवा कापत जाऊन कशावर तरी आदळल्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्या शोधणाऱ्या ‘सोनार’ या यंत्राच्या तीक्ष्ण स्पंदनाला तेच नाव मिळालं. पुढे तो संगणकांत शिरला आणि तिथेही त्याच्यामागे एक चुकीची व्युत्पत्ती लागली. संगणकांच्या जाळ्यावरचा (नेटवर्कवरचा) दुसरा संगणक जिवंत आहे की नाही हे तपासणाऱ्या ‘पिंग’ या आज्ञेचं नाव म्हणजे ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ची आद्याक्षरं, असं संगणकाच्या वर्गांत आजही शिकवतात. १९९१ च्या एका अधिकृत शब्दसूचीतही ते छापलं गेलं. पण तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माइक मूसचं म्हणणं वेगळं होतं. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, डिसेंबर १९८३ मध्ये, जाळ्यातली एक विचित्र अडचण शोधताना त्याने तो एका संध्याकाळी लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. आद्याक्षरांचा अर्थ डेव्हिड मिल्स या संगणकतज्ज्ञाने सुचवला असं आपण ऐकून आहोत, हेही त्याने मोकळेपणाने नोंदवलं. मूसनेच सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका तंत्रज्ञाच्या इमारतीत केबलची जोडणी कुठेतरी मधूनच तुटत होती. त्याने संगणकाला बोलणारा प्रोग्रॅम जोडला, समोरून प्रत्येक उत्तर आलं की ‘पिंग’ असं मोठ्याने म्हणायला लावलं, स्पीकरचा आवाज चढवला आणि तो इमारतभर एकेक जोडणी हलवत फिरला. ज्या जागी हात लागल्यावर आवाज थांबला, तिथे दोष होता.

गोळी, सोनार, संगणक ही सगळी साखळी इंग्रजीतल्या इंग्रजीत आहे. तिच्यात चीनचा सांधा कुठेच लागत नाही.

तिसरा मुद्दा नामांतराचा. ‘इंग्रजांनी चिनी नाव पुसून टेबल टेनिस केलं’ हे तर पूर्ण उलटं आहे. दोन्ही नावं इंग्लंडमधली, आणि त्यांच्यातलं भांडण हे मालकीचं होतं. १९०१ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन संघटना निघाल्या, एक पिंगपाँगची, एक टेबल टेनिसची. १९०३ मध्ये त्या एक झाल्या, पण तोवर खेळाचं वेड ओसरत आलं होतं. १९२० च्या दशकात खेळ पुन्हा उभा राहिला तेव्हा चालकांपुढे प्रश्न आला, की ‘पिंगपाँग’ हे नाव तर कंपनीचं. ते वापरायचं तर कंपनीच्या अटी पाळाव्या लागणार. म्हणून त्यांनी कुणाच्याही मालकीचं नसलेलं ‘टेबल टेनिस’ हे नाव घेतलं. १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ त्याच नावाने स्थापन झाला, आणि त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. चीन नव्हता.

लोकांना हे नाव चिनी का वाटतं, हे मात्र समजण्यासारखं आहे. १९५९ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडला चीनचा रोंग ग्वोत्वान टेबल टेनिसचा जगज्जेता झाला. कुठल्याही खेळातला चीनचा तो पहिला जगज्जेता. १९७१ मध्ये जपानमधल्या नागोयाच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा ग्लेन कोवान चिनी संघाच्या बसमध्ये चढला, चिनी खेळाडू च्वांग त्झतुंगने त्याला भेटवस्तू दिली आणि काही दिवसांत अमेरिकी संघ चीनमध्ये पोचला. ‘पिंगपाँग डिप्लोमसी’ हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत तेव्हा उमटला, पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले. इतकं सगळं एका शब्दाला चिकटल्यावर तो शब्द चिनी वाटू लागणारच. चीनने हा खेळ ज्या उंचीवर नेला, त्याचं श्रेय पूर्णपणे त्यांचं आहे. ते देण्यासाठी शब्दाचा जन्मदाखला बदलावा लागत नाही.

छावण्यांच्या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी पुस्तकांचं जाळं, सिगारच्या डबीची बॅट आणि बुचाचा चेंडू करून हिंदुस्थानात हा खेळ सुरू केला, असं सांगतात. त्या काळातला एकही कागद त्यासाठी कुणी पुढे ठेवलेला नाही. मला वाटतं इथे बॅडमिंटनशी गल्लत झाली असावी. त्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत बांधले गेले आणि त्याला ‘पूना’ म्हणूनही ओळखत. तो मान आपलाच आहे.

आणि टेबल टेनिसच्या इतिहासात आपल्याला आणखी एक जागा आहे. ती या शब्दाशी थेट निगडित आहे, तरी कुठल्याच फिरत्या मजकुरात तिचा उल्लेख नसतो, याची मला खंत वाटते.

१९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक स्पर्धा मुंबईत, ब्रेबर्न स्टेडियमवर झाली. आशियात भरलेली ही पहिलीच जागतिक स्पर्धा. तोवर चामड्याच्या डफल्या केव्हाच गेल्या होत्या. लाकडावर बारीक दाण्यांचं रबर लावलेली बॅट जगभर रुळली होती, आणि तिचाही ठणठणीत ‘टक-टक’ आवाज होता. खेळाडू त्या आवाजावर खेळत. समोरच्याने चेंडू किती जोरात मारला, कापला की सरळ हाणला, हे डोळ्यांच्या आधी कान सांगत. जपानचा संघ त्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. त्यात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा एक खेळाडू होता, ज्याची त्याच्याच संघातही फारशी गणना नव्हती. त्याच्या बॅटवर जाड स्पंज होता. चेंडू स्पंजात रुतायचा आणि उसळून बाहेर पडायचा, जवळपास आवाज न करता. युरोपचे कसलेले खेळाडू गांगरले. कान उपयोगाचे राहिले नाहीत, आणि चेंडूचा वेगही ओळखीचा नव्हता. अमेरिकेचा मार्टी रीसमन तिथे सातोकडून हरला. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवलं आणि आशियातला पहिला पुरुष एकेरी जगज्जेता मुंबईत ठरला. रीसमन पुढे आयुष्यभर जुन्या दाणेदार बॅटीची बाजू मांडत राहिला. १९९७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याने अमेरिकेची हार्डबॅट, म्हणजे त्याच जुन्या बॅटीची, स्पर्धा जिंकली.

१९५९ मध्ये महासंघाने नुसत्या स्पंजवर बंदी घातली. स्पंजवर रबराचं आवरण हवं आणि दोन्हींची मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत हवी, असा नियम आला. बॅटीला थोडा आवाज परत मिळाला, पण जुना नाही. २००० मध्ये चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन दुसरं प्लास्टिक आलं. आज जिमखान्यात ऐकू येतो तो आवाज १९०० च्या ‘पिंगपाँग’पेक्षा पुष्कळच वेगळा आहे.

तेव्हा हा मजकूर पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. १९०० च्या आधीचा, या खेळाला ‘पिंगपांग’ म्हणणारा एखादा चिनी कागद दाखवा. आणि तो दाखवता येत नसेल, तर चीनच्या ऐवजी मुंबईच्या १९५२ च्या स्पर्धेबद्दल चार ओळी लिहून पाठवा. त्या खऱ्या असतील.