पहिल्या गाडीचं इंजिन ‘फेअरी क्वीन’ नव्हे

सोळा एप्रिल जवळ आला की एक संदेश न चुकता फिरू लागतो. वर हिरव्या, चकचकीत इंजिनाचा फोटो. खाली मजकूर असा, की बोरीबंदर ते ठाणे धावलेली भारतातली पहिली प्रवासी गाडी या फेअरी क्वीनने ओढली. सोबतची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनंही दिल्लीच्या संग्रहालयात आहेत. फेअरी क्वीन जगातलं सर्वांत जुनं इंजिन असून आजही मूळ रूपात जसंच्या तसं आहे. आणि शेवटी टोमणा: बाकी सगळी आपण भंगारात घातली, इंग्रज असते तर जपली असती. पहिली तीन विधानं चुकीची आहेत. टोमण्यात थोडंफार तथ्य आहे, पण त्याचं नंतर बघू.

पहिल्या मुद्द्याला नुसती सालं पुरेत. गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन. फेअरी क्वीन इंग्लंडमधल्या लीड्स इथे किटसन, थॉमसन अँड हेविट्सन या कारखान्यात तयार झालं १८५५ मध्ये. म्हणजे बोरीबंदरला तोफांची सलामी झडून दोन वर्षं उलटली होती. शिवाय ते आलं कलकत्त्याला, ईस्ट इंडियन रेल्वेकडे. आपली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची. दोन वेगळ्या कंपन्या, देशाची दोन टोकं. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली ती थेट १८७० मध्ये, जबलपूरमार्गे. खरं तर बंगालची पहिली गाडीही, हावडा ते हुगळी, ऑगस्ट १८५४ मध्येच सुटली होती, तेव्हा तिथलाही मान या इंजिनाला देता येत नाही. आणि फेअरी क्वीन हे नाव मिळालं १८९५ मध्ये. तोवर ते नुसतं बावीस नंबर होतं.

सालांवर विश्वास नसेल तर फोटोच मोठा करून चाकं बघा. फेअरी क्वीनच्या एका बाजूला तीन चाकं दिसतात: पुढे एक लहान, मधे एक भलं मोठं आणि मागे पुन्हा लहान. जोर लावणारं चाक फक्त मधलं. दोन मोठ्या चाकांना एकत्र बांधणारा दांडा इथे नाहीच, कारण बांधायला दुसरं मोठं चाकच नाही. पहिली गाडी खरोखर ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही मुंबईची इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्याची, २-४-० बांधणीची. त्यांच्या पुढे चाकांची एक लहान जोडी आणि मागे दांड्याने जोडलेल्या दोन मोठ्या जोड्या. एकेरी चाकाचं इंजिन हलक्या मेल गाड्यांसाठी बरं, आणि फेअरी क्वीनने हावडा ते राणीगंज नेमक्या तसल्याच गाड्या ओढल्या.

साहिब, सिंध, सुलतान दिल्लीत आहेत का? नाहीत. कोणत्याच संग्रहालयात नाहीत. त्या काळी झिजलेलं इंजिन तोडून धातू वेगळा काढणं हा रोजचा व्यवहार होता. फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी, तांब्याचा असे, त्याला चांगला भाव येई. फेअरी क्वीन वाचलं ते १९०९ मध्ये काम संपल्यावर हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर शोभेला ठेवल्यामुळे. पुढे १९४३ मध्ये ते चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेलं आणि तिथून दिल्लीच्या संग्रहालयात.

जगातलं सर्वांत जुनं हेही नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममधलं पफिंग बिली त्याच्याहून चाळीसेक वर्षांनी जुनं आहे. गिनीजने १९९८ मध्ये दिलेला मान होता नियमित धावणाऱ्या सर्वांत जुन्या वाफेच्या इंजिनाचा. संदेश पुढे ढकलताना ‘नियमित धावणाऱ्या’ तेवढं गळतं. आणि ‘जसंच्या तसं’? १९९७ मध्ये ते पुन्हा रुळावर आलं तेच मोठ्या दुरुस्तीनंतर. २०११ मध्ये बरेच सुटे भाग चोरीला गेल्याचं उघडकीस आलं, चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात पुन्हा डागडुजी झाली आणि डिसेंबर २०१२ मध्ये ते परतलं. त्यात कमीपणा काहीच नाही. चालतं ठेवायचं तर भाग बदलावेच लागतात. मूळ भागच हवे असतील तर इंजिन काचेआड ठेवावं, धावण्याची अपेक्षा करू नये.

आता टोमणा. पहिल्या गाडीचं एकही इंजिन आपल्याकडे उरलं नाही, हे खरंच लाजिरवाणं आहे. पण ती कामातून निघाली तेव्हा कारभार इंग्रजांच्याच कंपनीकडे होता, हे संदेश लिहिणारा सोयीस्कर विसरतो. आणि त्यांच्या घरी काय चाललं होतं? ग्रेट वेस्टर्न रेल्वेने नॉर्थ स्टार आणि लॉर्ड ऑफ द आइल्स ही ब्रॉडगेजची दोन नामांकित इंजिनं स्विंडनला मुद्दाम जपून ठेवली होती. १९०६ मध्ये जागा अडते म्हणून ती तोडून टाकली. जपलेली इंजिनं, बरं का.

उलट माथेरानच्या छोट्या गाडीकडे बघा. तिची वाफेची इंजिनं चार, जर्मन कंपनी ओरेनस्टाइन अँड कोपेलची. त्यातलं एक आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड इथल्या हौशी लोकांच्या रेल्वेकडे आहे, हे ऐकून टोमणेवाले खूश होतील. उरलेली तीन नेरळला, माथेरानला आणि दिल्लीला आहेत. भंगारात एकही गेलं नाही.