तक्रारदाराचे समाधान झाले

समाधान झालेलं नाही, हे आधीच सांगतो. पण समोरच्या काकांच्या दोनशे पानी वहीत तसं लिहिलंय, तारीख-वार-वेळेसकट, आणि खाली माझी सही आहे. सही केल्याशिवाय काका इंटरनेटची वायर हातातून सोडायला तयार नव्हते.

रविवारी भाचा जेवायला आला होता. तो जिथे नोकरी करतो तिथे फायरवॉल बनवतात, म्हणजे कॉम्प्युटरमधून नेटवर कुणी जायचं-यायचं हे ठरवणारी पहारेकरीण. सध्या त्यांचं जे व्हर्जन आहे ते बाजारात यायचंय, चाचणीत आहे. श्रीखंड-पुरी अंगावर आल्यामुळे मी जरा आडवा झालो, तेवढ्यात "मामा, तुमच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवलंय, वापरून सांगा हं" असं दारातून ओरडून तो डोंबिवलीची लोकल पकडायला पळाला.

बुधवारी माझं काम घरून असतं. अकराची मीटिंग होती, म्हणून जरा आधी कॉम्प्युटर लावला. कोपऱ्यात एक चौकट उगवली: 'एसव्हीसीहोस्ट' नावाचा कुणी इंटरनेटशी बोलू पाहतोय, बोलू द्यायचं का? शेजारी सेकंद उलटे मोजले जात होते. मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत वेळ संपली, आणि उत्तर न देणं म्हणजे 'नाही' असं फायरवॉलने परस्पर ठरवून टाकलं. आता हा एसव्हीसीहोस्ट म्हणजे विंडोजचाच घरचा गडी. राउटरकडून पत्ता मागून आणणं, साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणं, ही सगळी कामं त्याच्याच पोटात चालतात. त्याचं तोंड बंद केल्यावर नेट कुठून येणार?

मी जे काही पुटपुटलो ते जरा मोठ्याने पुटपुटलो असणार. आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग जुनी. दारं दिवसभर सताड उघडी. समोरचे काका चौकटीत उभे.

"नेट गेलं?"

"हो. तुमचंही गेलं का?"

"छे, आमचं व्यवस्थित आहे. म्हणून तर विचारायला आलो."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. सगळी हयात फॉल्ट विभागात गेली. ज्या काळी ओवायटीत, म्हणजे जादा पैसे आधी भरायच्या रांगेत, नंबर लावूनही फोन यायला वर्षं जायची आणि आलेला फोन पहिल्या पावसात मरायचा, त्या काळी लोक तक्रारीचा 198 नंबर फिरवून ज्या माणसावर ओरडायचे, तो माणूस म्हणजे काका. त्या ओरडण्याचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झालेला नाही.

"तक्रार नोंदवलीस?"

"कुणाकडे नोंदवू, काका?"

"हेच तुमच्या पिढीचं. नोंद नाही तर फॉल्ट नाही."

आणि ते घरी जाऊन वही घेऊन आले. पट्टीने आखलेले रकाने, दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन, प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर. बिल्डिंगमधल्या लिफ्टपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्यांचे आजार त्यात होते. काकांनी पेन हातावर घासून चालू केलं.

"कंप्लेंटचं स्वरूप?"

"नेट लागत नाहीये."

"स्वरूप विचारतोय मी. डेड, नॉइझी की क्रॉस टॉक?"

एव्हाना मी मोबाइलवरून मीटिंगला लागलो होतो. साहेब म्हणत होते, शीट शेअर करा. शीट कॉम्प्युटरमध्ये. एका कानात साहेब, दुसऱ्यात काका, आणि हात कीबोर्डवर. काळी खिडकी उघडून मी 127.0.0.1 ला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली. चार उत्तरं आली.

"हा कुणाचा नंबर?"

"माझाच. म्हणजे या कॉम्प्युटरचाच."

"स्वतःच स्वतःला फोन लावतोयस?"

"स्वतःशी तरी बोलतोय का ते बघायचं असतं."

"आणि बोलला?"

"बोलला."

"म्हणजे इन्स्ट्रुमेंट ओके," काकांनी लिहिलं. "आता पिलरपर्यंत बघ."

पिलर म्हणजे राउटर, हे मी समजून घेतलं. राउटरला पिंग केलं तर उत्तर नाही. कॉम्प्युटरचा पत्ता बघितला तर 169.254 ने सुरू होणारा. राउटरने पत्ता दिला नाही, की विंडोज असला एखादा आकडा आपणच आपल्याला लावून घेतं आणि गप्प बसतं. स्टेशनपासून लांब गायमुखला फ्लॅट घेऊन 'ठाण्यातच राहतो, अगदी स्टेशनजवळ' म्हणणारे माझे दोन मित्र आहेत. त्यांचा मला कधी राग आला नव्हता, बुधवारी आला.

"पिलरपर्यंत काहीच नाही ना?" काकांनी खोलीभर घुमेल अशा आवाजात निकाल दिला. "डेड! पूर्ण डेड आहे! केव्हाच गेलेलं दिसतंय!"

मोबाइलमधून शांतता आली. मग साहेबांचा हळू आवाज. "कोण गेलं हो?"

मी म्हणालो, "कुणी नाही सर, ते समोरचे काका..."

"अरे अरे. समोरचे काका का. वय काय होतं?"

"नाही सर, काका आहेत. काका बोलतायत."

"तुम्ही सावरा स्वतःला. मीटिंग उद्या घेऊ." एका सहकारी बाईंनी चॅटमध्ये तोवर हात जोडलेले टाकले, त्याखाली ओळीने सगळ्यांनी टाकले, आणि मीटिंग संपली. काल ऐरोलीच्या ऑफिसात गेलो तर चहाच्या मशीनपाशी माझ्याशी सगळे खालच्या पट्टीत बोलत होते. हिशेबातला एक जण तर म्हणाला, "समोरचेच होते, म्हणजे घरच्यासारखेच." खुलासा करावा तर मीटिंग खोटं बोलून बुडवली असं व्हायचं. काका ठणठणीत आहेत आणि ऐरोलीत त्यांचा दहावा जवळ आलाय.

इकडे काकांना यातलं काहीच कळलेलं नव्हतं. मी फायरवॉलच्या यादीत शिरून एसव्हीसीहोस्टला परवानगी दिली. नेट आलं. मी "आलं!" म्हणेपर्यंत स्क्रीन निळा झाला, त्यावर रडका चेहरा, आणि खाली 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'.

"हे काय गणित?" काका.

गणित असं, की साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच मरतो. फायरवॉलला मात्र नेटवरून येणारं-जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट तपासायचं असतं, म्हणून तिचा ड्रायव्हर, म्हणजे ही तपासणी करणारा तुकडा, थेट विंडोजच्या गाभ्यात बसवलेला असतो. तिथे त्याने भलत्या वेळी भलत्या जागी हात घातला, की विंडोज आणखी नासधूस नको म्हणून सगळंच बंद करतं. परत चालू केलं, की नेट लागतं, पाकिटं सुरू होतात आणि परत तोच रडका चेहरा.

सेफ मोडमध्ये गेलो, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू केलं. तिथे स्क्रीन टिकला, पण फायरवॉल काढायला गेलो तर विंडोज म्हणे इन्स्टॉलर सेवा या मोडमध्ये चालत नाही. नेहमीच्या मोडमध्ये काढावी तर काढण्याआधीच मशीन पडतं. मदतीच्या पानावर उपाय होता: आमचं काढून टाकायचं खास टूल डाउनलोड करा. कशावरून डाउनलोड करू? यांच्या फायरवॉलने पाडलेल्या कॉम्प्युटरवरून?

"लाइन सोडव आधी," काका म्हणाले.

"काका, हा तारेचा फॉल्ट नाहीये. सॉफ्टवेअरचा आहे."

"फॉल्ट कशाचाही असो. आधी लाइन सोडवायची, मग टेस्ट करायचं." आणि माझं काही ऐकायच्या आत त्यांनी मागची निळी वायर उपटून हातात घेतली.

मशीन नेहमीच्या मोडमध्ये चालू झालं आणि चालूच राहिलं. कारण उघड आहे: वायर नाही तर पाकिटं नाहीत, पाकिटं नाहीत तर ड्रायव्हरला काम नाही, काम नाही तर चूक नाही. हे मी काकांना सविस्तर सांगितलं. ते "बरोबर, लाइन फॉल्ट" म्हणाले आणि तसंच लिहिलं. फायरवॉल काढली. तरी नेट येईना, कारण नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये तिचा फिल्टर टिकमार्कसकट पागडीच्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसला होता. तो काढला, विनसॉक, म्हणजे विंडोजची नेटशी बोलायची व्यवस्था, रीसेट केलं, रीस्टार्ट केलं. "आता वायर द्या," म्हणालो.

"आधी सही."

संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर वहीच्या त्या पानाचा फोटो आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली लिहिलं, "आमचा प्रिंटरही बघाल का?" हा प्रश्न काकांना होता. मी आयटीत आहे हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

खरा राग काकांवर नाही. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर असेच निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. तेव्हाही उपाय हातानेच करायचा: एकेका मशीनपाशी जा, सेफ मोडमध्ये शिरा, एक फाइल खोडा. ते तर म्हणे तयार, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं. मग चाचणीतल्याचं काय बोलायचं! पूर्वी तपासायला पगारी माणसं ठेवायचे. आता मामा ठेवतात. श्रीखंड मामाचं, वीज मामाची, अब्रू मामाची, आणि अप्रेझलला गुण भाच्याला.

तरीही मी रीतसर कळवलं, निळ्या स्क्रीनची डम्प फाइलही, म्हणजे मशीन पडताना विंडोजने करून ठेवलेली नोंद, जोडली. आज सकाळी उत्तर आलं: आमच्याकडे ही अडचण पुन्हा घडवून दाखवता आली नाही, कृपया आपण पुन्हा इन्स्टॉल करून, मशीन बंद पडेपर्यंत वापरून, नवीन लॉग पाठवावा. आणि अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती तारे.

भाच्याला निरोप दिलाय. रविवारी ये, आमरस आहे. पण आल्यावर हात धुवायचे आणि थेट पानावर बसायचं. आतल्या खोलीला कुलूप असेल.