हळदीचा पाला हिरवा असताना कापू नका

दिवाळी झाली की आमच्या मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवशी तिघांकडून आला, त्यातले एक माझे सख्खे दीर. मेसेज असा: हळद जमिनीत वाढते, म्हणजे ती मूळ आहे. मुळाला अन्न मातीतून मिळतं. पानं नुसतं पाणी उडवतात आणि ताकद वर ओढतात, म्हणून डिसेंबरातच हिरवा पाला कापा, सगळी ताकद गड्ड्यात उतरेल. आणि हळद शिजवली की तिचं सत्त्व जातं, ती कच्चीच वाळवा.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सासरी मामंजींच्या आधीपासून हळद आहे. गेल्या हंगामात भावकीतल्या एकाने हे ऐकून पाला नाताळाच्या आधीच उतरवला. काढणीला हळकुंडं करंगळीएवढी निघाली. गड्डे मोडत बसलेल्या जाऊबाई दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत. ते डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून या मेसेजला मुद्द्याला मुद्दा उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा, जमिनीखाली वाढतं ते मूळ. मग भुईमुगाची शेंग काय? तिचं फूल वर येतं, फुलातून आऱ्या सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि तिथे शेंग भरते. ते फळ आहे. लोणंदच्या बाजारात कांद्याचे ढीग पडतात, तो कांदा म्हणजे अन्न साठवून जाड झालेले पानांचे बुडखे. त्याचं खोड म्हणजे तळाची ती चपटी थाळी, आणि मुळं तिच्याखाली. बटाटा खोड आहे. रताळं आणि गाजर मात्र खरोखर मुळं. एकाच मातीखाली फळ, पान, खोड आणि मूळ असे चारही अवयव सापडतात. अवयव कोणता हे त्याच्या जागेवरून ठरत नाही, रचनेवरून ठरतं.

हळदीची रचना बघायला शाळेची प्रयोगशाळा लागत नाही. ओलं हळकुंड धुऊन हातात घ्या. त्यावर आडवी वळी दिसतील, उसाच्या पेरांसारखी, फक्त जवळजवळ. प्रत्येक वळ्यावर पातळ, वाळक्या खवल्यासारखं पान चिकटलेलं असतं आणि त्या पानाच्या बगलेत डोळा असतो. ऊस लावताना आपण टिपरीवरचा जो डोळा बघतो, तोच हा अवयव. पेर, पान आणि बगलेतला डोळा हे तिन्ही खोडाकडेच असतात. मुळाला पेरं नसतात. (रताळ्याला कोंब येतात हे खरं, पण ते अशा ओळीने बसलेल्या डोळ्यांतून येत नाहीत. म्हणून तर आपण रताळ्याचे वेल लावतो.) हळदीची खरी मुळं गड्ड्याला लोंबणारी, तंतूसारखी. काहींच्या टोकाला छोट्या पाणीदार गाठी येतात, त्या मात्र मुळाच्याच.

मग जमिनीच्या वर हिरवं, ताठ उभं असतं ते काय? ते खोड नव्हे. एक ताट आडवं कापून बघा, केळीसारखे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ उलगडत जातील. वर सगळी पानंच आहेत. खोड जमिनीत आडवं पसरलेलं आहे, त्यालाच आपण गड्डा आणि हळकुंड म्हणतो.

हळकुंड मधोमध कापलं की आत एक फिकट कडी दिसते आणि कडीच्या आतबाहेर बारीक ठिपके विखुरलेले असतात. हे ठिपके म्हणजे जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांचे जुडगे. हळद एकदल वर्गातली, आणि एकदल खोडात हे जुडगे असेच विखुरलेले असतात; मक्याच्या ताटातही हेच दिसेल. बाकीचा सगळा गर म्हणजे मूल ऊती, साध्या पातळ भित्तिकांच्या पेशी. त्यांच्यात पिष्टाचे कण गच्च भरलेले असतात, आणि मध्ये मध्ये पिवळ्या रंगद्रव्याच्या व तेलाच्या वेगळ्या पेशी.

दुसरा मुद्दा, अन्न मातीतून मिळतं. माती पाणी आणि क्षार देते, ते मुळांतून जलवाहिन्यांमार्गे वर जातात आणि त्यांच्यावाचून पीक उभं राहत नाही. पण गड्डा ज्या पिष्टाने भरतो ते पिष्ट मातीत नसतं. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ व्हान हेलमाँट याने विलोचं रोप 5 वर्षं कुंडीत वाढवलं, त्याचा प्रयोग 1648 साली छापला गेला. झाडाचं वजन सुमारे 74 किलो वाढलं, माती जेमतेम 57 ग्रॅम घटली. त्याला वाटलं सगळं पाण्यातून आलं. त्यात हवेचा, कार्बन डायऑक्साइडचा वाटा आहे आणि ते काम सूर्यप्रकाशात हिरव्या भागातच होतं, हे पुढच्या शतकात उलगडत गेलं.

आता तिसरा मुद्दा, ज्याने खरं नुकसान होतं: पाला कापला की ताकद उतरते. पान पाणी उडवतं हे खरं. पण ज्या छिद्रांतून पाणी जातं त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. एक नको म्हटलं तर दुसरंही मिळत नाही. पानात साखर तयार होते, ती रसवाहिन्यांतून खाली गड्ड्यात येते आणि तिथे तिचं पिष्ट होतं. ही वाट चालते ती पान जिवंत आहे तोवरच. हिरवं पान कापणं म्हणजे भरत असलेल्या हौदाचा नळ तोडणं.

मेसेजमधली अर्धी गोष्ट बरोबर आहे, म्हणूनच ती लोकांना पटते. पानातली ताकद खाली उतरते, हे खरंच आहे. पण ती कधी? पान पिवळं पडताना. म्हातारं होणारं पान आपलं हरितद्रव्य मोडतं, त्यातली प्रथिनं सुटी करतं आणि नत्रासारखी द्रव्यं खोडाकडे परत पाठवतं. पिवळेपणा ही त्या परतफेडीची खूण. डिसेंबरात हिरवा पाला कापून बांधावर फेकला, तर गड्ड्यात यायची तीच संपत्ती आपण हाताने बाहेर टाकतो. शिवाय रानात ओल असली की गड्ड्यावरचे डोळे पुन्हा फुटायला बघतात, आणि त्या कोंबांचा खर्च साठवलेल्या पिष्टातून जातो.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली सेलम जातीची हळद 9 महिन्यांच्या आसपास तयार होते. पाला आपोआप पिवळा होऊन वाळू द्यावा, पाणी तोडावं, आणि मग जमिनीलगत कापावा. मामंजी विज्ञानाचं पुस्तक न वाचता हेच करायचे.

शेवटचा मुद्दा शिजवण्याचा. हळकुंडावर बुचासारखी साल असते, तिचं कामच आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं. अख्खं कच्चं हळकुंड उन्हात टाकलं तर ते आठवडेच्या आठवडे वाळत नाही, आणि त्यावरचे डोळे जिवंतच राहतात. शिजवल्यावर पेशी मरतात, पिष्टाची खळ होते, पाणी लवकर सुटतं आणि वेगळ्या पेशींत कोंडलेला पिवळा रंग सगळ्या गरात सारखा पसरतो. फेस आणि वास आला, काडी सहज टोचली की थांबायचं. जास्त शिजवलं तर रंग बिघडतो, तेवढ्यापुरती काळजी रास्त आहे. पातळ चकत्या करून कच्ची हळद वाळवता येते, कारण तेव्हा साल फुटलेली असते. पण सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, आपली हळद टिकायची ती शिजवून वाळवलेली होती. कच्चे गड्डे त्या पेवांत उतरवले असते, तर काही महिन्यांत खाली कोंबच कोंब झाले असते.

बेण्याचे, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलेले, जेठे (मुख्य) गड्डे मात्र कोणी शिजवत नाही. ते सावलीत, हळदीच्याच वाळलेल्या पाल्याखाली झाकून ठेवतात. चैत्र संपता संपता तो पाला बाजूला करून बघा. वळ्यावळ्यांवरचे डोळे फुगलेले दिसतील.