पुन्हा तेच १०२४!
दर अपडेटनंतर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी थोडा साठवून ठेवायची जागा, मुकाट्याने १०२४ सॅम्पलवर (आवाजाच्या सूक्ष्म नमुन्यांवर) जाऊन बसतो आणि मला ते कळते तेव्हा हेडफोन लावलेली गायिका स्वतःचाच आवाज मागाहून येत असल्याची तक्रार करत असते. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेताना, १०२४ म्हणजे आत येतानाच २१ मिलिसेकंदांहून अधिक उशीर, बाहेर जाताना पुन्हा तेवढाच. तो ६४ वर आणावा, तर प्रोसेसरला वेळेत बफर भरता येत नाही आणि नेमकी समेवर चटचट ऐकू येते. यावर प्रत्येक जाणकाराचा सल्ला एकच, रॅम वाढवा. अहो, ८ ची १६ जीबी केली, त्याने पियानोच्या सुरांची आधीच रेकॉर्ड केलेली भलीमोठी सॅम्पल सुखाने मावू लागली, एवढेच. चटचट आहे तिथेच आहे! शेवटी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा प्रोसेसरखाऊ इफेक्ट, बंद करून मी १२८ वर तडजोड करतो, पुढच्या अपडेटपर्यंत.